कॉमर्स-मॅनेजमेंट शिकताना कला कशाला? कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात कॉस्टिंग आणि मार्केटिंग शिकवते. वर्गात गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते), चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि दशावतारी नाटक आणायला लागले, तेव्हापासून पालक फोन करतात, विद्यार्थी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात, इतर कॉलेजांतले शिक्षक विचारतात आणि आठवडी बाजारात भाजी घेतानाही कोणीतरी थांबवतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा पुढचा भाग दुसऱ्या प्रश्नात असेल तर तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. बी.कॉम. किंवा बीबीए करणाऱ्या मुलाला चित्र, नाटक, संगीत शिकून नेमकं मिळतं काय?

सगळ्यात आधी बघायची सवय मिळते. कॉमर्सच्या मुलाला आपण पहिल्या दिवसापासून मोजायला शिकवतो. मोजायच्या आधी नीट बघायचं कसं, ते मात्र कुणी शिकवत नाही.

माझ्या वर्गातला एक तास सांगते. सावंतवाडीच्या गंजिफाचं एक हाताने रंगवलेलं गोल पान प्रत्येक गटाला द्यायचं आणि वीस मिनिटं फक्त त्याच्याकडे बघून काय दिसतं ते लिहायचं. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या वहीत एकच असतं: गोल आहे, लाल आहे, देवाचं चित्र आहे. मग चुळबुळ सुरू होते. दहाव्या मिनिटाला कुणाला तरी दिसतं की कडेच्या रेषेत एका जागी कुंचला उचलून पुन्हा टेकवलाय. कुणी पान तिरकं धरून लाखेची चकाकी बघतं. एका मुलीने लिहिलं होतं, "डोळे सगळ्यात शेवटी काढले असणार, कारण चेहऱ्याचा रंग डोळ्यांच्या खालून गेलाय."

त्याच आठवड्यात ही मुलं बाजारात एका दुकानासमोर वीस मिनिटं उभी राहतात. आता त्यांच्या वहीत "गिऱ्हाईक आलं, गिऱ्हाईक गेलं" एवढंच नसतं. हात कुठल्या फळीपाशी थांबला, किंमत ऐकून कोण गप्प झालं, नवऱ्याने उचललेली वस्तू बायकोने कशी परत ठेवली, हे सगळं येतं. गिऱ्हाईक ओळखायला शिकायचं ते इथून.

दुसरी गोष्ट निवाड्याची. आकडे दोन्ही बाजूंनी सारखेच दिसत असताना निर्णय कसा घ्यायचा, हे ताळेबंद सांगत नाही. गोष्ट, नाटक, कविता वाचणाऱ्याला माणसं एकाच वेळी दोन गोष्टी कशा मागतात, याची सवय झालेली असते.

२. म्हणजे पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट आणि गॅदरिंगच ना?

नाही. गॅदरिंग व्हावं, युवा महोत्सवात मुलांनी जरूर जावं, पण तिथे केलेली एकांकिका कॉस्टिंगच्या तासाला कुणी आठवत नाही. मी म्हणते ती कला विषयाच्या आत असते, त्याच तासाला आणि त्याच परीक्षेसाठी. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, हे सांगतात. नाटकात समोरच्याला काय हवंय ते ओळखल्याशिवाय पुढचं वाक्यच सुचत नाही. फरक तिथे आहे. प्रश्न ६ मध्ये तो नीट दिसेल.

३. हे सगळं परदेशातून आलेलं खूळ तर नाही?

परदेशात यावर वाद बराच जुना आहे. पेनसिल्व्हेनियाच्या बेल टेलिफोन कंपनीने १९५३ मध्ये आपल्या होतकरू अधिकाऱ्यांना दहा महिने कामातून मोकळं केलं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात साहित्य, कला, संगीत, तत्त्वज्ञान शिकायला पाठवलं. पुढे कंपनीने तो उपक्रम बंद केला, हेही सांगायला हवं. १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांचे दोन अहवाल आले. अमेरिकेतलं व्यवसायशिक्षण उथळ आहे, असा त्यांचा सूर होता. त्यानंतर तिथल्या बिझनेस स्कूलमध्ये गणित आणि संशोधन वाढलं. मग २०११ मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या अभ्यासाने सांगितलं की पदवीच्या वयात व्यवसायाबरोबर मानव्यविद्याही एकत्र गुंफून शिकवा. मधल्या काळात स्टॅनफर्डला जेम्स मार्च नेतृत्वाचा अभ्यासक्रम शेक्सपिअर आणि टॉलस्टॉय वाचून घेत होते. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर व्यवस्थापनाला उदार विद्याच (लिबरल आर्ट) म्हणत. ते जपानी चित्रांचे संग्राहक होते आणि त्या कलेवर वर्गही घेत.

पण मला आपलं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ मध्ये मुंबईला गेले ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला. काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत हे कळलं, तेव्हा रंगकाम सोडून ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंध संस्थानात. जागा देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९२० मध्ये कारखान्याचं 'किर्लोस्कर खबर' सुरू करणारे शंकरराव किर्लोस्करही चित्रकलाच शिकलेले. नांगर विकता विकता त्या खबरेचं मराठी घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. या माणसांच्या हाती हिशेबाची वही होती आणि कुंचलाही होता.

४. नव्या शैक्षणिक धोरणात याला जागा आहे का? क्रेडिट मिळतात का?

आहे, आणि बहुतेक पालकांना ते ठाऊक नसतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे पदवीची रचना बदलली. महाराष्ट्रात त्यासाठी २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय आहे. त्यात मुख्य विषयाबरोबर ओपन इलेक्टिव्ह असतात आणि ते आपल्या विद्याशाखेबाहेरचे घ्यायचे असतात. म्हणजे कॉमर्सच्या मुलाला नाट्य, साहित्य, इतिहास, कलेचा आस्वाद असं काही घेता येतं. शिवाय भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्य अभ्यासक्रम, फिल्ड प्रोजेक्ट आणि सहशालेय उपक्रम यांनाही क्रेडिट आहेत. थिअरीचं एक क्रेडिट १५ तासांचं, प्रात्यक्षिकाचं ३० तासांचं. जत्रेत जाऊन केलेलं काम प्रात्यक्षिकाच्या किंवा फिल्ड प्रोजेक्टच्या तासांत नीट बसतं.

अडचण कागदावर नसून यादीत असते. कॉलेज जे विषय उघडतं त्यातूनच मुलांना निवडावं लागतं आणि लहान कॉलेजात ती यादी तोकडी असते. प्रवेशाच्या वेळी ओपन इलेक्टिव्हची यादी मागून घ्या. बीबीए-बीएमएस २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आहेत. त्यांच्या विषयांची रचना बी.कॉम.हून वेगळी आहे, तेव्हा ती वेगळी विचारा.

५. आमच्या कॉलेजात आर्ट्स शाखाच नाही. शिकवणार कोण?

गावातली माणसं. कोकणात या बाबतीत आपण श्रीमंत आहोत आणि ते आपल्याला दिसत नाही, कारण रोज डोळ्यांसमोर आहे. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. चित्रांची पोथी समोर धरायची, एकेक पान बदलत गोष्ट सांगायची आणि गायची. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. संगमेश्वर-रत्नागिरीकडे नमन-खेळे आणि जाखडी या लोककला आहेत. पेणला गणपतीच्या कार्यशाळा आहेत, तिथे मागणीचा अंदाज, उधारी, हंगामी मजूर, मालाचा साठा असं सगळं एका छपराखाली शिकता येतं. सावर्डे आणि देवरूख इथे कला महाविद्यालयं आहेत. त्यांच्या शिक्षकांना दोन दिवस बोलवा किंवा मुलांची अदलाबदल करा. चित्रकलेची मुलं आपलं काम विकायला चाचपडतात आणि आपली मुलं काम बघायला. दोघांना एका टेबलावर बसवलं की निम्मा अभ्यासक्रम आपोआप होतो.

बोलावलेल्या कलाकाराच्या मानधनाचं काय, ते प्रश्न १२ मध्ये वाचा. ते न वाचता कुणालाही बोलवू नका.

६. दशावतारातून मॅनेजमेंट काय शिकणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही लांब आहे.

दशावतारी नाटकाची छापील संहिता नसते. संध्याकाळी मंडळ गावात पोचतं, पेटारा उतरतो, पूजा होते. मालक आख्यान सांगतात, कोण राजपार्ट, कोण स्त्रीपार्ट, कोण खलपार्ट ते ठरतं, कथेचे टप्पे सांगितले जातात आणि संपलं. संवाद रंगमंचावर उभं राहूनच सुचायचे. मागे पडदा, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज, मध्ये एक लाकडी बाकडं. तेच बाकडं सिंहासन, तोच पर्वत, तोच पलंग. पहाटे दहीकाला होईपर्यंत एवढ्यावर अख्खा गाव बसून राहतो.

मी वर्गात हेच करते. तीन मुलं, एक बाकडं. एकजण देवगडचा बागायतदार, दुसरा वाशीचा दलाल, तिसरी बँकेची अधिकारी. आख्यान एवढंच: पावसाळ्यात दलालाने फवारणीसाठी उचल दिलीय, अवकाळीने मोहोर गळला, पेट्या निम्म्या गेल्या आणि आता पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, आलीय. टप्पे तीन, वेळ दहा मिनिटं, कागद हातात नाही.

पहिल्या खेपेला मुलं भांडतात. प्रत्येकजण आपलं ठरवून आणलेलं वाक्य बोलतो, दुसऱ्याचं ऐकतच नाही. दशावतारी नट असं करूच शकत नाही. समोरच्याने "महाराज, सेनापती फितूर झाला" म्हटलं, की तो फितूर झालाच. आता तिथून पुढे जायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मुलांना हे समजतं. एकदा दलालाचं काम करणारा मुलगा बोलता बोलता गप्प झाला, बाकडं ओढून बागायतदाराच्या शेजारी बसला आणि पट्टी दोघांच्या मध्ये ठेवली. तोवर ते समोरासमोर होते. वर्गात एकदम शांतता झाली. वाटाघाटीवरचं प्रकरण मी कितीतरी वर्षं शिकवलंय, पण "एकाच बाजूला बसून कागद बघणं" म्हणजे काय, ते मला स्वतःलाही त्या दिवशी नव्याने दिसलं.

शिवाय मंडळ हा एक धंदाही आहे. हंगाम कार्तिकातल्या जत्रांपासून पावसापर्यंत. त्यात वर्षाची कमाई करायची, नटांच्या उचली सांभाळायच्या, टेम्पो, कपडे, तारखांची भांडणं. एखाद्या मंडळाच्या मालकांनी परवानगी दिली तर त्यांचा हंगामाचा जमाखर्च मुलांना मांडून बघू द्या. पुस्तकातली कुठलीही केस त्यापुढे फिकी पडेल.

७. याला मार्क कसे देणार? "नाटक छान केलं" म्हणून?

अभिनयाला मार्क देऊ नका. आपण नट घडवत नाही. मी मार्क लेखी टिपणाला देते. मुलाने काय पाहिलं, सुरुवातीला काय समजला होता, कुठे मत बदललं आणि त्याचा पैशाच्या निर्णयावर काय परिणाम झाला. दीड पान पुरतं.

जिथे आकडे येतात तिथे आकडेच तपासा. उदाहरणार्थ गंजिफाचं कॉस्टिंग. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पानं असतात. समजा, एका पानाला सगळे हात धरून ४० मिनिटं लागतात. म्हणजे ४,८०० मिनिटं, ८० तास, आठ तासांचे दहा दिवस. रोजाचे ६०० धरले तर नुसती मजुरी ६,००० होते. रंग, लाख, पेटी, वाया गेलेली पानं आणि दुकानदाराचं कमिशन अजून बाहेरच आहे. आता छापील संचाशी तुलना करून किंमत ठरवा आणि ती का ठरवली ते लिहा. या प्रश्नावर मुलं तासभर भांडतात. कुशल हाताला ६०० रुपये रोज लावायचा का, इथूनच भांडण सुरू होतं.

८. पण याने नोकरी मिळते का? फी भरणारे आम्ही आहोत.

प्रश्न रास्त आहे. "नाटकाचा विषय घेतला म्हणून नोकरी लागली" असं मी कुणाला सांगणार नाही. अकाउंट्स कच्चं असेल तर कुठलीही कला त्याला वाचवत नाही. टॅली, जीएसटी, एक्सेल हे आलंच पाहिजे.

माझ्या पाहण्यात फरक पडतो तो पुढे. पहिल्या नोकरीत सांगितलेलं काम करायचं असतं, तिथे सगळे सारखेच. चार-पाच वर्षांनी माणसं सांभाळायची वेळ येते, गिऱ्हाईक नाराज असतं, साहेबाला नको असलेली गोष्ट सांगायची असते. तिथे ज्याने माणसं नीट पाहिली-ऐकली आहेत तो उभा राहतो. हे पहिल्या पगाराच्या आकड्यात दिसणार नाही, एवढं समजून घ्या. ज्याला घरचाच धंदा करायचाय त्याच्यासाठी उत्तर वेगळं आहे, प्रश्न १० पाहा.

९. मला साधी सरळ रेषही मारता येत नाही. माझं काय?

मलाही येत नाही. बघायला, ऐकायला, प्रश्न विचारायला येतं तेवढं पुरे. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलीय त्यांना थोडं सोपं जातं, पण वर्गात सगळ्यात चांगली टिपणं बहुतेक वेळा चित्र न येणाऱ्या मुलांची असतात. ती घाई करत नाहीत.

१०. आमची आंब्याची बाग आहे आणि आता होमस्टे काढायचाय. यात कलेचा संबंध कुठे?

तुम्ही विकता तेच मुळी ठिकाण. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या मातीला आणि हवेला. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पाहुणा तुमच्याकडे चादर-उशीसाठी येत नाही. त्याला गाव अनुभवायचं असतं आणि गावाची गोष्ट तुम्हालाच माहीत नसेल तर मग तो इंटरनेटवरचं अर्धवट वाचून जातो.

याला नुसती भावना म्हणू नका, रोखीचा हिशेबही यातच आहे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. जाहीर झाल्यावर मुंबईहून चाकरमान्यांचा लोंढा येतो. हे ज्याला माहीत आहे तो खोल्यांचे दर, गाड्या, किराणा त्याप्रमाणे राखून ठेवतो. आचऱ्याची गावपळण घ्या. दर काही वर्षांनी कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो, गुराढोरांसकट. तिथे होमस्टे काढणाऱ्याच्या बिझनेस प्लॅनमध्ये हे लिहिलेलं नसेल तर तो प्लॅन अपुरा आहे. एका मुलाने अशाच गावाचा सुंदर प्लॅन आणला होता, दर महिन्याचा भरणा टक्क्यांत दाखवलेला. त्याच्या आजीने एका वाक्यात तो पाडला: "अरे, पळणीक खय ठेवतलंस पावण्यांका?"

तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाचा मेनू ठरवण्याआधी गावच्या वर्षाचं वेळापत्रक मांडा. जत्रा, शिमगा, पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, चतुर्थीला घरातली किती माणसं कामाला मिळणार. आणि एकदा देवळात गाऱ्हाणं लक्ष देऊन ऐका. सांगणारा एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. गावाला कशाची भीती आहे आणि कशाची आस, ते त्यात सरळ सांगितलेलं असतं.

११. काजूच्या पाकिटावर चित्रकथीचं किंवा गंजिफाचं चित्र टाकलं तर चालेल का? परंपराच आहे ना, कुणाच्या मालकीची थोडीच?

परंपरा सगळ्यांची असते, पण समोरचं चित्र ज्याने काढलं त्याचं असतं. राम-रावणाची गोष्ट कुणीही रंगवू शकतो. मात्र एखाद्या हयात कलाकाराने रंगवलेल्या चित्रावर कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे त्याचा हक्क आहे आणि तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. नेटवरून उतरवून छापणं ही चोरीच झाली. चित्र विकत घेतलंत म्हणजे छापायचा हक्कही विकत घेतला, असं होत नाही.

हक्क लेखी घ्या. कागदावर कुठल्या वस्तूसाठी, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि किती पैसे ते असू द्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क मिळाला असं मानतो. कलाकाराचं नाव पाकिटावर छापा. आणि भौगोलिक मानांकनाचा शिक्का वापरायचा असेल तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. आपण त्या जिल्ह्यात राहतो एवढं पुरत नाही.

१२. कलाकाराला कॉलेजात बोलावलं तर पैसे द्यायलाच हवेत का? बजेट नाही.

द्यायलाच हवेत. ज्या वर्गात आपण श्रमाचं मूल्य शिकवतो तिथे फुकट काम करून घ्यायचं आणि नारळ-शाल देऊन पाठवायचं, हे मुलं बघत असतात. मी स्वतः एकदा हे होऊ दिलं आहे. एका कार्यक्रमाला आम्ही चौघा वादकांना दिवसभर थांबवून घेतलं आणि संध्याकाळी कार्यालयातून मिळालं ते टेम्पोच्या भाड्यालाही पुरलं नाही. त्यातल्या वयस्कर वादकांनी "जाऊं दे बाय, पुढल्या टायमाक बघूया" म्हणून मलाच धीर दिला. त्यानंतर मानधन आधी लेखी ठरवल्याशिवाय मी कुणाला बोलावलेलं नाही.

रक्कम कशी ठरवावी? त्यांचा बुडलेला रोज, प्रवास, साहित्याची झीज आणि शिकवण्याचं वेगळं, असं चार रकान्यांत मांडा. व्याख्यानाला येणाऱ्या तज्ज्ञाला देता त्याहून कमी देऊ नका. पैसे कुठून आणायचे? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि त्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला, पारंपरिक हस्तकला आहेत. आपल्या भागात कारखाना असलेल्या कंपनीकडे एका पानाचा नीट प्रस्ताव घेऊन जा. तो प्रस्ताव मुलांकडूनच लिहून घ्या.

एक अर्थशास्त्रही इथे समजून घ्या. विल्यम बोमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये मांडलं होतं की कारखान्यात एका माणसाचं उत्पादन वाढत जातं, पण रंगमंचावर ते वाढत नाही. चार जणांचं वादन तेव्हाही चौघांनीच करायचं, आजही चौघांनीच. बाहेरचे पगार वाढले की कलेचा खर्चही वाढतो, उत्पन्न मात्र तसं वाढत नाही. दशावताराच्या रात्रीला हे शब्दशः लागू आहे. "मंडळं नीट चालवता येत नाहीत म्हणून तोट्यात जातात" असं म्हणण्याआधी ही आकडेमोड करून बघा.

१३. पर्यटकांसाठी दशावतार अर्ध्या तासात बसवला तर? मंडळालाही चार पैसे मिळतील.

इथे माझ्याच वर्गात दोन तट पडतात. माझं मत सांगते, पण ते शेवटचं मानू नका. रिसॉर्टवर, ठरलेल्या मोबदल्यात, मंडळाने स्वतः बेतलेला छोटा प्रयोग करायला हरकत नाही. पावसाळ्यात, हंगाम नसताना, त्याचा आधारच होतो. जत्रेतल्या रात्रीला मात्र हात लावू नये. तिथे नाटक देवासमोर होतं, मानकरी आहेत, वहिवाट आहे, आणि कुठल्या मंडळाने कुठल्या गावात कधी नाचायचं यामागे पिढ्यांचे करार आहेत. पाहुण्यांची बस साडेदहाला निघणार म्हणून आख्यान आटपा, असं सांगायचा हक्क कुणालाही नाही.

पालखीच्या, अवसराच्या (अंगात देव येण्याच्या), कौलाच्या वेळी फोटो-व्हिडिओ काढायचा प्रश्न असेल तर देवस्थानच्या लोकांना आधी विचारा. नाही म्हणाले तर नाही.

१४. संस्कृती संस्कृती म्हणताय, पण त्यात जातीचे मानपान आहेत, बायकांना दूर ठेवणं आहे. तेही शिकवणार?

हो, आणि लपवून शिकवणार नाही. दशावतारात स्त्रीपार्ट पुरुषांनीच करायचा अशी रीत होती. आता काही बायका त्यात उतरू लागल्या आहेत. ज्यांच्या हातात कला होती त्यांच्या हातात जमीन आणि पैसा नव्हता, हे पिंगुळीलाही खरं आहे आणि इतरत्रही. जत्रेतला पहिला मान कुणाचा यावरून कज्जे झाले आहेत. कुटुंबाच्या धंद्यात मुलीला भागीदार करायचं की नाही, हा प्रश्न वर्गात सरळ विचारला तर मुलं पुस्तकी उत्तर देतात. स्त्रीपार्ट कोण करतं, ढोल कोण वाजवतं, पालखीला खांदा कोण देतं, तिथून सुरुवात केली की उत्तरं खरी येतात. मुली बोलू लागतात.

१५. मुलगी सी.ए. करतेय, आर्टिकलशिप चालू आहे. तिला वेळ कुठला?

वेगळा वेळ नको. रोज एक पान चांगलं मराठी वाचलं तरी ऑडिटचा अहवाल लिहिताना फरक कळेल. वर्षातून एक रात्र जत्रा. सध्या एवढंच.

१६. जाहिरात, चित्र, मजकूर सगळं आता एआय करतं. मग कला शिकायची कशाला?

एआयने काढलेलं चांगलं की वाईट, हे ओळखायला कुणीतरी लागतंच. मुलांनी एकदा काजूच्या पाकिटासाठी एआयकडून "कोकणातलं घर" काढून घेतलं. छान रंगीत आलं. लालभडक कौलं, समोर माड. एका मुलीने विचारलं, "याला पडवी कुठाय? आणि तुळस घराच्या मागे कशी?" मग चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) जागी विटा दिसल्या, पावळी (छपराच्या कडा) इतक्या आखूड की पहिल्याच पावसात भिंत भिजेल. ज्यांनी आपलं घर कधी नीट बघितलं नव्हतं, त्यांनी ते चित्र तसंच छापलं असतं. एआय वापरा, पण आधी प्रश्न १ मधला तास करा. हयात कलाकाराची शैली उचलायला त्याचा वापर करू नका. प्रश्न ११ मधली परवानगीची शिस्त तिथेही पाळा.

१७. सुरुवात कुठून करू? कुठे जाऊ?

सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफाचं काम बघता येतं आणि जवळच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. सावंतवाडीचे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफाची कला पुन्हा उभी केली, त्याची गोष्ट तिथे विचारा. पिंगुळीचं संग्रहालय अर्ध्या दिवसात होतं, आधी कळवून जा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, गणपतीपुळ्याला गेलात की तिथेही डोकवा. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यावरची (उघड्या कातळाच्या पठारावरची) कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यातला कशेळीचा कोरलेला हत्ती सकाळच्या तिरक्या उन्हात नीट दिसतो, दुपारी कातळ तापतो आणि रेषा हरवतात. चिऱ्यांच्या खाणी आणि पर्यटन यांत जमीनमालकाने काय निवडावं, ही केस तिथेच उभं राहून करा.

आणि दशावतार. थंडीतली जत्रा गाठा. साडेदहा-अकराला पोचा, चटई आणि शाल घेऊन जा, पुढे बसा पण देवळाच्या दारासमोरची वाट सोडून. संकासुर (दशावतारातला विनोदी राक्षस) आला की पोरं ओरडतील, तेव्हा वही बंद ठेवा. लिहायचं ते दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर.